दुर्मीळ जनुकीय डिस्टोनियासाठी डीबीएस: पहिला रुग्ण आलाय, आता कुणाला, काय आणि कसं विचारायचं?

माझ्या पहिल्या रुग्णाच्या ऑपरेशनआधीच्या व्हिडिओत त्याचे पाय पांघरुणाखाली आहेत. मुलगा नऊ वर्षांचा, आजाराची सुरुवात उजव्या पावलापासून, आणि आमच्याकडे त्या पावलाचं एका सेकंदाचंही चित्रण नाही. वर्षभराने मुलगा भिंतीला धरून चालू लागला. आईवडील खूश, आम्हीही खूश. मग त्याच जनुकाचा रुग्ण हाताशी असलेल्या दुसऱ्या केंद्रातल्या डॉक्टरांचा प्रश्न आला: ‘आधी पाऊल किती वळायचं?’ माझ्याकडे आठवणीशिवाय काही नव्हतं, आणि आठवणीला स्कोअर देता येत नाही.

डीबीएस, म्हणजे मेंदूच्या खोल भागात इलेक्ट्रोड बसवून छातीवरच्या बॅटरीच्या उपकरणाने सतत विद्युत उत्तेजन देणं, हे तंत्र काही नवं नाही. ग्रेनोबलला बेनाबिद यांच्या गटाने १९८७ मध्ये ते कंपासाठी वापरायला सुरुवात केली, आणि पार्किन्सनमुळे आज बहुतेक न्यूरोलॉजिस्टना त्याची ओळख असते. पण पार्किन्सनचे शंभर रुग्ण केलेली टीमसुद्धा जनुकीय डिस्टोनियाच्या, म्हणजे जनुकातल्या दोषामुळे स्नायू आपोआप आवळून अंग पिळवटण्याच्या आजाराच्या, पहिल्या मुलासमोर नवशिकीच असते. एकेका जनुकाचे रुग्ण इतके थोडे की, एका डॉक्टरच्या आख्ख्या कारकिर्दीत दोन-तीन दिसले तरी पुष्कळ. म्हणून दुसऱ्यांना विचारावं लागतं, आणि दुसऱ्यांनी आपल्याला विचारलं तर सांगण्याजोगं काही जवळ असावं लागतं. मी हे चुकत चुकत शिकले. तुम्ही न्यूरोलॉजिस्ट असा, बालरोगतज्ज्ञ असा, न्यूरोसर्जन असा की प्रोग्रॅमिंग करणारी नर्स, खालच्या क्रमाने गेलात तर निदान माझ्या चुका तरी टळतील.

१. औषधाने सुटणारा आजार आधी बाजूला काढा

सर्जनला फोन करण्याआधी लेव्होडोपा, म्हणजे मेंदूतलं डोपामिन वाढवणारं औषध, देऊन पाहा. जीसीएच१ जनुकातल्या दोषामुळे होणारा डोपा-प्रतिसादी डिस्टोनिया लहान डोसनेही जादू व्हावी तसा सुटतो. ‘सकाळी ठीक, संध्याकाळी पाय वाकडा’ ही कथा प्रत्येकाकडून मिळेलच असं नाही, त्यामुळे ती नाही म्हणून प्रयोग टाळू नका. अशा मुलाच्या मेंदूत इलेक्ट्रोड घालणं म्हणजे किल्ली खिशात असताना कुलूप फोडणं.

दुसऱ्या केंद्राला कळवताना ‘लेव्होडोपा दिलं, फरक नाही’ एवढंच लिहू नका. किती डोस, किती आठवडे, आणि फरक नाही हे कुणी, कशावरून ठरवलं, तेही लिहा. तीन दिवस गोळी घेऊन उलटी झाली म्हणून बंद केली, तर तो प्रयोग झालाच नाही.

याच टप्प्यावर विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबं साठण्याचा आजार, तपासा: रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं, डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी. मेंदूला साखर पोचवणाऱ्या ग्लूट१ या प्रथिनाची कमतरता असेल तर पाठीच्या पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या मानाने कमी सापडते आणि कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) आहार उपयोगी पडतो. एसएलसी१९ए३ जनुकाचा आजार बायोटिन आणि थायमिनने आटोक्यात येऊ शकतो. इथे दिवस मोजून वाट पाहत बसू नये, शंका आली की सुरू करावं. एडीसीवाय५ जनुकाच्या आजारात झटक्यांसारख्या हालचाली झोपेतून उठताना उसळतात, आणि अनेक रुग्णांना चक्क कॅफीनने आराम पडतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थट्टा वाटली होती.

२. जनुकाच्या रिपोर्टचं शेवटचं पानही वाचा

पहिल्या पानावर ठळक अक्षरांत जनुकाचं नाव असतं आणि सगळे तिथेच थांबतात. तुम्ही चार गोष्टी शोधा.

पहिली, व्हेरियंटचा, म्हणजे जनुकात सापडलेल्या बदलाचा, वर्ग. २०१५ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांपासून पाच वर्ग रूढ झाले आहेत, आणि मधला वर्ग ‘अर्थ अनिश्चित’ असा आहे. अनिश्चित व्हेरियंटला निदान समजून ऑपरेशनची आशा दाखवणं हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा सापळा आहे, आणि अनुभवी माणसंही त्यात पडतात, कारण आईवडिलांना इतक्या वर्षांनी नाव मिळालेलं असतं आणि ते हिसकावून घ्यायला कुणालाच नको वाटतं.

दुसरी, आईवडिलांची तपासणी. व्हेरियंट मुलात नव्याने आला की कुणाकडून आला, हे कळल्याशिवाय पुढचा विचार अर्धवट राहतो. एसजीसीई जनुकाच्या मायोक्लोनस-डिस्टोनियात (झटके आणि डिस्टोनिया एकत्र) आईकडून आलेली प्रत सहसा मूक असते, त्यामुळे आजार बहुधा वडिलांकडून आलेल्या प्रतीमुळे दिसतो. वडील कधीच आजारी नव्हते म्हणून आनुवंशिकता फेटाळू नका. त्यांना ती प्रत त्यांच्या आईकडून मिळालेली असू शकते. टीओआर१ए या जनुकाचं तसंच वेगळ्या रीतीने: दोष असलेल्यांपैकी जेमतेम ३० टक्के लोकांना आजार होतो. भावंडांची तपासणी करायची की नाही, हा प्रश्न तिथे सल्लागाराबरोबर सावकाश बोलण्याचा असतो.

तिसरी, या तपासणीला काय दिसतच नाही. एक्सोम तपासणीत, म्हणजे जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग वाचणाऱ्या तपासणीत, जनुकातला छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येऊन लांबण्याचे आजार, उदाहरणार्थ हंटिंग्टन, भरवशाने सापडत नाहीत. एसजीसीई किंवा केएमटी२बीचा आख्खा तुकडा गळालेला असेल, तर तो शोधायला प्रतींची संख्या मोजणारं वेगळं विश्लेषण लागतं. ते केलं होतं का, हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतं.

चौथी, या जनुकाबद्दल डीबीएसचा अनुभव काय आहे. थोडक्यात माझी वहीतली यादी अशी:

टीओआर१ए: सर्वांत जुना आणि भरवशाचा अनुभव. मोंपेलिए इथल्या कूब यांच्या गटाने २००० साली ग्लोबस पॅलिडसच्या आतल्या भागात, म्हणजे जीपीआयमध्ये, उत्तेजन देऊन मिळालेले निकाल छापले. प्रतिसाद बहुधा चांगला.

टीएचएपी१: प्रतिसाद मिळतो, पण माणसागणिक वेगळा. बोलणं आणि घसा मागे राहतात.

एसजीसीई: झटके आणि डिस्टोनिया दोन्ही जीपीआयने बरेच कमी होतात.

केएमटी२बी: २०१६ मध्ये ओळख पटलेला जनुक. लहानपणी पायापासून सुरू होऊन वर मानेकडे, जबड्याकडे, घशाकडे सरकणारा डिस्टोनिया. २०२० मध्ये अनेक केंद्रांनी मिळून ५३ रुग्ण एकत्र मांडले. त्यांतल्या १८ जणांना डीबीएस झालं होतं. एकट्या केंद्राला हा आकडा कधीच गाठता आला नसता.

पीएएनके२: एमआरआयवर ‘वाघाचा डोळा’ नावाची खूण. मेंदूत लोह साठण्याच्या आजारांवर २०१० च्या बहुकेंद्री अभ्यासात २३ रुग्ण होते, आणि वर्षाच्या आसपास सुधारणा साधारण पाव. आजार पुढे सरकत राहतो. मिळालेला फायदा काही वर्षांनी ओसरू शकतो.

जीएनएओ१: अनावर हालचालींचे उद्रेक होऊन मूल अतिदक्षता विभागात पोचतं. तिथे डीबीएसने जीव वाचल्याची उदाहरणं आहेत.

टीएएफ१: फिलिपिन्समधल्या पनाय बेटावरच्या कुटुंबांत आढळणारा डिस्टोनिया-पार्किन्सनिझम. जीपीआयला चांगला प्रतिसाद.

एटीपी१ए३: काही तासांत किंवा दिवसांत उसळून मग स्थिरावणारा आजार. डीबीएसचा उपयोग सहसा होत नाही.

ही यादी निकालपत्र म्हणून वापरू नका. एकाच जनुकाच्या दोन मुलांत एकाचे सांधे आखडून कायमचे वाकलेले असतील आणि दुसऱ्याचा आजार दोनच वर्षांचा असेल, तर जनुकापेक्षा हा फरक जास्त बोलतो. आखडलेला सांधा विजेने सुटत नाही.

३. ‘हा रुग्ण कुणाचा?’ हे आधी ठरवा

टीममध्ये कोण हवेत ते सगळ्यांना माहीत असतं: हालचालींच्या विकारांचा न्यूरोलॉजिस्ट, मूल असेल तर बाल-न्यूरोलॉजिस्ट, स्टिरिओटॅक्टिक (मेंदूतला नेमका बिंदू मोजून गाठण्याच्या) शस्त्रक्रियेचा अनुभव असलेला सर्जन, भूलतज्ज्ञ, जनुकतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, मानसतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, प्रोग्रॅमिंग करणारी व्यक्ती. बहुतेक ठिकाणी अडतं ते दुसरीकडे. दहा जणांच्या बैठकीत सगळे माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर लेव्होडोपाचा डोस कुणीच वाढवत नाही.

म्हणून एक समन्वयक नेमा. तो सर्वांत ज्येष्ठ असायची गरज नाही. फोन उचलणारा हवा. आमच्याकडे ती नर्स आहे, आणि कुठल्या मुलाची बॅटरी कधी बसवली हे तिला तोंडपाठ असतं. बैठकीचा निर्णय दोन ओळींत लिहून त्याच दिवशी सगळ्यांना पाठवायचा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. मतभेद असेल तर तोही लिहा. ‘सर्जनच्या मते अजून थांबावं’ हे वाक्य सहा महिन्यांनी फार उपयोगी पडतं.

४. ऑपरेशनआधीचा व्हिडिओ: दुसरी संधी नाही

या लेखातलं एकच कलम लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. ऑपरेशननंतरची कुठलीही तपासणी पुन्हा करता येते. आधीची करता येत नाही.

कॅमेरा स्टँडवर ठेवा, हातात धरू नका. उंची आणि अंतर लिहून ठेवा, पुढच्या वेळी तेच हवं. पांघरूण काढा, मोजे काढा, बाह्या आणि पँट गुडघ्याच्या वर. मग या क्रमाने:

स्वस्थ झोपलेलं, आधार न देता बसलेलं, दोन्ही हात पुढे धरलेले, बोटाने नाकाला स्पर्श. पेला उचलून पाणी पिणं. कागदावर स्वतःचं नाव आणि एक गोल गुंडाळी; कागद जपून ठेवा. चेहऱ्याचा जवळून घेतलेला भाग, डोळे मिटून उघडणं, एक ते वीस मोजणं. उभं राहणं, समोरून आणि पाठमोरं चालणं, जमत असेल तर पळणं. शेवटी मुलाला रोज जे करावंसं वाटतं आणि जमत नाही ते, दोन मिनिटं.

सुरुवातीला तारीख, वेळ आणि शेवटचं औषध कधी घेतलं ते कॅमेऱ्यासमोर बोला. फाइलचं नाव बदलतं, आवाज तसाच राहतो.

आता एक बारकावा, जो मला एका परक्या परीक्षकाने शिकवला. व्हिडिओ कुणी तटस्थ माणसाने, आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता हे न कळता तपासावेत म्हणून आम्ही पाठवले. त्याने उत्तर दिलं: ‘सगळे ओळखता आले. नंतरच्या व्हिडिओंत डोक्यावर व्रण आहे आणि छातीवर उंचवटा.’ तेव्हापासून आमच्याकडे सगळ्या व्हिडिओंत, आधीच्याही, डोक्याला कापडी टोपी आणि अंगात सैल सदरा. मुलांना टोपी आवडते, ही वरकड कमाई.

स्कोअरसाठी बर्क-फान-मार्सडेन मापन सर्वत्र चालतं: हालचालींचा भाग ० ते १२०, दैनंदिन अडचणींचा ० ते ३०. २००५ च्या फ्रेंच अभ्यासात २२ रुग्णांचा हालचालींचा सरासरी स्कोअर ४६.३ वरून वर्षभरात २१ वर आला, आणि २००६ मध्ये ४० रुग्णांच्या चाचणीत तीन महिने उपकरण काहींमध्ये बंद ठेवून तुलना केली गेली. त्या अभ्यासांशी आपली भाषा जुळते ती या मापनामुळे. पण ते प्राथमिक डिस्टोनियाचे रुग्ण होते. व्हीलचेअरवरच्या, बोलू न शकणाऱ्या मुलाचा स्कोअर १०२ वरून ९६ झाला तर कागदावर काही घडलेलं नाही, आणि घरी मात्र रात्री झोप लागायला लागलेली असते. म्हणून कुटुंबाबरोबर बसून तीन ते पाच उद्दिष्टं आधीच लिहा आणि प्रत्येकाला आजचे दहापैकी गुण द्या. ‘बरं वाटावं’ हे उद्दिष्ट होत नाही. ‘खुर्चीत सलग अर्धा तास न घसरता बसावं’ हे होतं. झोपेचे तास, वेदना आणि वजन यांचीही नोंद ठेवा.

५. दुसऱ्या केंद्राला लिहिताना मत मागू नका, प्रश्न विचारा

‘आपलं अमूल्य मत कळवावं’ असं लिहून ४० पानांची फाइल जोडली, की ती महिनाभर तशीच पडून राहते. मी स्वतः अशा फाइली न उघडता ठेवल्या आहेत. एक पान लिहा आणि पहिल्या ओळीत प्रश्न: ‘केएमटी२बी, ११ वर्षं, घशाचा डिस्टोनिया वाढतोय. आत्ता जीपीआय करावं, की पोटात अन्न देण्याची नळी आधी बसवावी?’ अशा ओळीला त्याच संध्याकाळी उत्तर येतं.

सोबत हे जोडा:

– एक पानी सारांश: आजाराचा कालक्रम, घराण्याचा आलेख, आत्ताची अवस्था
– जनुकाचा संपूर्ण रिपोर्ट, व्हेरियंटची अचूक नोंद आणि आईवडिलांचे निकाल
– एमआरआय मूळ स्वरूपात. पडद्याचे मोबाइलवर काढलेले फोटो नकोत
– वरच्या क्रमाने घेतलेला व्हिडिओ, आणि असल्यास आजाराच्या सुरुवातीचे घरगुती व्हिडिओ
– आजवरची औषधं: डोस, काळ, परिणाम, का थांबवलं
– स्कोअर आणि उद्दिष्टांचा कागद
– मानसतज्ज्ञांचा अहवाल, सांधे आणि मणक्याची तपासणी
– संमतीपत्राची प्रत

कुणाला लिहायचं? युरोपात दुर्मीळ न्यूरोलॉजिकल आजारांचं संदर्भ-जाळं २०१७ पासून चालू आहे आणि त्याचा समन्वय ट्युबिंगेनहून होतो. लहान मुलांच्या डीबीएसची जर्मन नोंदवही ‘गेपेस्टिम’ या नावाने ओळखली जाते. लुबेकच्या गटाचा एमडीएसजीन हा माहितीसंच एकेका जनुकाचे प्रकाशित रुग्ण एकत्र दाखवतो. जनुक नवाच असेल, तर जीनमॅचर या सेवेवर जगात दुसऱ्या कुणाकडे तोच जनुक आहे का, हे शोधता येतं. आणि सर्वांत सोपा मार्ग: त्या जनुकावरच्या लेखाच्या संपर्क-लेखकाला सरळ ईमेल करा. दुर्मीळ आजारांवर काम करणारी माणसं अशा पत्राची वाटच पाहत असतात.

६. संमती दोन वेगळ्या कागदांवर

ऑपरेशनची संमती वेगळी आणि माहिती दुसरीकडे पाठवण्याची वेगळी. एकाच कागदावर घेतली, तर ‘पाठवू दिलं नाही तर ऑपरेशन होणार नाही’ असं कुटुंबाला वाटतं, आणि त्यांना तसं वाटणं साहजिक आहे.

नाव काढलं म्हणजे ओळख लपली, असं या आजारांत होत नाही. चेहरा झाकला तर चेहऱ्याचा डिस्टोनिया दिसत नाही. आणि जगात मोजक्याच लोकांत असलेला व्हेरियंट, वय आणि गाव एकत्र आलं की तो मुलगा कोण हे कळतंच. म्हणून व्हिडिओ कुणाकुणाला दिसेल, किती वर्षं राहील आणि कुटुंबाला तो परत मागता येईल का, हे तोंडी समजावून लिहून द्या. मूल समजण्याच्या वयाचं असेल तर त्यालाही विचारा. एका मुलीने मला सांगितलं होतं, ‘चालताना दाखवा, जेवताना नको.’ आम्ही जेवतानाचा भाग कापला.

याच बैठकीत अपेक्षांचं बोला. काय सुधारण्याची शक्यता आहे, काय तसंच राहील, आणि फायदा झाला नाही तर पुढे काय करायचं, हे तिन्ही.

७. ऑपरेशन

हा भाग सर्जनचा, मी थोडक्यातच सांगते. डिस्टोनियात बहुधा पूर्ण भूल लागते, कारण हलणारं डोकं फ्रेममध्ये धरता येत नाही. लक्ष्य सहसा जीपीआयचा मागचा-खालचा-बाहेरचा भाग. त्याच्या लगेच खाली दृष्टीचा पट्टा आणि आतल्या बाजूला इंटर्नल कॅप्सूल, म्हणजे हालचालींचे आदेश नेणाऱ्या तंतूंचा जुडगा, त्यामुळे दोन मिलिमीटरची चूकही जाणवते. अमेरिकेत डिस्टोनियासाठी २००३ मध्ये मिळालेली परवानगी सात वर्षं आणि त्यावरील वयासाठी होती. त्याहून लहान मुलांत कवटीची जाडी आणि छातीवर उपकरणाला जागा हे प्रश्न येतात. वाढत्या मुलाच्या वायरीला ढील ठेवली आहे का, हे सर्जनला आवर्जून विचारा.

तुमचं काम एकच: इलेक्ट्रोड नेमका कुठे बसला त्याचं ऑपरेशननंतरचं स्कॅन झालं पाहिजे आणि ते फाइलमध्ये आलं पाहिजे. पुढे प्रतिसाद आला नाही तर पहिला प्रश्न ‘इलेक्ट्रोड जागेवर आहे का?’ हाच येतो. त्याचं उत्तर नसेल तर जनुकाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

८. प्रोग्रॅमिंग: पार्किन्सनची घाई इथे नको

पार्किन्सनमध्ये सेटिंग बदललं की काही मिनिटांत कंप थांबतो आणि सगळ्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. डिस्टोनियात झटके आणि वेगवान हालचाली काही तासांत किंवा दिवसांत कमी होतात. एकाच स्थितीत धरून राहणारी पिळवट सुटायला महिने लागतात. दर आठवड्याला सेटिंग बदलत राहिलं तर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही. सहसा १३० हर्ट्झच्या आसपास सुरुवात होते. एकदा सेटिंग ठरलं की किमान काही आठवडे हात बांधून बसा. हे सर्वांत अवघड आहे, कारण रोज आईचा मेसेज येतो.

तिथल्या तिथे दिसणाऱ्या खुणा मात्र ओळखा: हात किंवा तोंड एका बाजूला ओढलं जाणं, बोलणं जड होणं हे कॅप्सूलकडून, डोळ्यांपुढे चमक दिसणं हे दृष्टीच्या पट्ट्याकडून. चाल मंदावली, पावलं अडखळू लागली, तर उत्तेजनामुळेच तसं होतंय का, ते तपासा.

दोन केंद्रांमध्ये गोंधळ होतो तो आकड्यांचा. एका कंपनीच्या उपकरणात संपर्कबिंदू शून्यापासून मोजतात, दुसऱ्याच्या एकपासून. काही जुनी उपकरणं व्होल्टमध्ये चालतात, नवी मिलिअँपिअरमध्ये. ‘तिसऱ्या बिंदूवर ३.५’ हे वाक्य वाचून दोन डॉक्टर दोन वेगळी चित्रं डोळ्यांपुढे आणतात. म्हणून लिहिताना: उपकरणाचं मॉडेल, डावं-उजवं, सर्वांत खालच्या बिंदूपासून मोजून कितवा, एकक, पल्सची रुंदी मायक्रोसेकंदांत, वारंवारता आणि प्रत्येक बिंदूचा इम्पिडन्स (विद्युतरोध). औषध त्याच भेटीत कमी केलं असेल तर तेही. एका भेटीत औषध आणि सेटिंग दोन्ही बदलू नयेत असं माझं मत आहे, निरुपायाने बदलले तर निदान लिहावेत.

९. बॅटरी संपते तेव्हा

डिस्टोनियात उपकरण अचानक बंद पडणं ही तातडीची परिस्थिती असते. काही तासांत किंवा दिवसांत आजार उसळून स्टेटस डिस्टोनिकसपर्यंत जाऊ शकतो: स्नायूंची सततची तीव्र पिळवट, ताप, काळपट लघवी, रक्तात वाढलेलं सीके (स्नायूंना इजा झाल्याची खूण), वाढलेलं पोटॅशियम, मूत्रपिंडाला धोका. रात्री दोनला इमर्जन्सीतल्या डॉक्टरला हे माहीत असेलच असं नाही. तो फिटचं इंजेक्शन देऊन वाट पाहील.

त्यामुळे प्रत्येक कुटुंबाला एक पत्र द्या. त्यात आजाराचं नाव, उपकरणाचं मॉडेल, आत्ताचं सेटिंग, ‘आधी उपकरण चालू आहे का ते तपासा’ ही ठळक ओळ, सीके आणि पोटॅशियम तपासण्याची सूचना, वापरायची औषधं आणि तुमच्या टीमचा चालू असणारा नंबर. पत्राचा फोटो आईवडिलांच्या मोबाइलमध्येही हवा. चार्ज होणारी बॅटरी असेल तर चार्जिंग घरात नक्की कोण करतं, त्याचं नाव विचारा. ‘आम्ही करतो’ हे उत्तर चालत नाही.

फिजिओथेरपिस्टला स्वतः फोन करा: शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे विद्युतलहरींनी खोलवर दिलेला शेक, या रुग्णांना कधीही द्यायची नाही. इलेक्ट्रोड तापून मेंदूला गंभीर इजा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेत कॉटरी (विजेने जाळून रक्तस्राव थांबवणारं साधन) वापरायची असेल किंवा एमआरआय करायचा असेल, तर आधी तुम्हाला विचारायचं, हे त्याच पत्रात लिहा.

१०. फायदा झाला नाही तरी पाठवा

सहा महिने, बारा महिने, मग दरवर्षी: तोच व्हिडिओ, तीच टोपी, तेच स्कोअर. जमलेल्या केसबद्दल सगळेच लिहितात. न जमलेली केस कपाटात राहते, आणि मग छापील लेख वाचून असं वाटतं की अमुक जनुकात सगळ्यांनाच फायदा होतो. एटीपी१ए३मध्ये उपयोग होत नाही हे आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी आपलं अपयश छापलं. तुमचा रुग्ण सुधारला नसेल तर इलेक्ट्रोडची जागा, सेटिंगचा इतिहास आणि आधीचा व्हिडिओ यांसह ती नोंद सामायिक नोंदवहीत जायलाच हवी. अशी एक नोंद दहा यशस्वी व्हिडिओंपेक्षा पुढच्या डॉक्टरला जास्त वेळ वाचवून देते.

लेखकांच्या यादीचा क्रम पहिली ओळ भरण्याआधी ठरवा. नंतर ठरवायला गेलात तर मैत्री जाते. मी दोनदा पाहिलं आहे. व्हिडिओ घेणारी नर्स आणि तंत्रज्ञ यांचं नाव कुठे येणार, तेही तेव्हाच.

आणि नोंदींचे संकेतांक, म्हणजे कुठला क्रमांक कुठल्या रुग्णाचा, ही यादी एकाच माणसाकडे ठेवू नका. आमच्याकडे ती एका रेसिडेंटच्या लॅपटॉपवर होती. तो दुसऱ्या नोकरीला गेला, लॅपटॉप बिघडला, आणि १४ मुलांच्या व्हिडिओंना नावं जुळवायला आम्हाला दोन महिने लागले. एक मूल तर आम्ही शेवटी फक्त टोपीच्या रंगावरून ओळखलं.